छापा छापला, काटा राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रोमन चांदीच्या नाण्यांवरचा लेख आवडला. तक्रार चित्रांबद्दल आहे. सगळ्या चित्रांत सम्राटांचे चेहरेच. आपण छापा दाखवलात, काटा एकाही नाण्याचा नाही. आणि सम्राटांना जे काही लोकांच्या गळी उतरवायचे असे, ते बहुतेकदा मागच्याच बाजूला असे.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, त्याचेच देनारियस, म्हणजे चांदीचे नाणे, घ्या. दक्षिण भारतात ढिगाने सापडलेला प्रकार. आकाराने आपल्या रुपयाहूनही लहान. मी ते एका प्रदर्शनात काचेआडून पाहिले, वाकून वाकून मान आखडली. पुढे साठी ओलांडलेला ऑगस्टस, पण चेहरा पंचविशीचा! मागे टोगा नेसलेली दोन मुले, मध्ये ढाली आणि भाले, वर पुरोहिताची पळी आणि शकुन पाहणाऱ्याची वाकडी काठी. ही गायस आणि लुसियस, मुलीची मुले, आजोबाने दत्तक घेतलेली. कडेचा मजकूर सांगतो : ऑगस्टसचे पुत्र, नियोजित कॉन्सल (रोमचे सर्वोच्च अधिकारी), तरुणांचे म्होरके. थोडक्यात, पुढचे धनी कोण, याची जाहिरात. लुसियस इ. स. २ मध्ये गेला, गायस इ. स. ४ मध्ये. गादी मिळाली सावत्र मुलाला, टायबेरियसला. नाणी मात्र समुद्र ओलांडून फिरतच राहिली.

दुसऱ्या एका नाण्यावर गुडघे टेकून, पूर्वी लढाईत हिसकावलेले रोमन ध्वज परत करणारा पार्थियन, म्हणजे रोमच्या इराणकडच्या शत्रूंपैकी एक, आहे. प्रत्यक्षात इ. स. पू. २० मध्ये ते ध्वज वाटाघाटींतून मिळाले, लढाई झालीच नव्हती!

आपल्याकडे चांदीशी मतलब. दक्षिणेतल्या काही नाण्यांवर तर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. तो का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. नाण्यावरचा चेहरा म्हणजे काय, हे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला मात्र पक्के ठाऊक असावे. आमच्या नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली, त्याने हरवलेल्या क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा उमटवलाय. काहींवर खालून नहपानाचे नाक अजून डोकावते.

पुढच्या वेळी नाण्यांच्या दोन्ही बाजू छापाव्यात, जागा कमी असेल तर चेहरे गाळावेत.

आपला,
एक हौशी नाणेसंग्राहक, नाशिक