मेडिकलवाल्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "बस कर, गिऱ्हाईक बघ" म्हणत विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहायलेय. गेल्या आठवड्यात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं माझं रजिस्ट्रेशन हातात आलं. आईला दाखवलं, ती रडली. त्यानंतर तुम्हाला फोन लावला आणि वाजायच्या आत कट केला. बोलता आलं नसतं.

मी औसा तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीत शिकलेली. जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, पुस्तकं सगळी इंग्रजीत. त्या वर्षी काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं. अण्णांनी फीचा पहिला हप्ता उसनवारी करून भरला, पुढचं माझं मी बघायचं ठरवलं. सकाळी आठ ते दोन वॉर्ड, मग लेक्चर, साडेपाचला सुट्टी. आधी एका ठिकाणी रात्रीचं काम धरलं होतं. परीक्षेला चार दिवस मागितले तर "शिकायचं का कमवायचं, काय ते एक ठरव" असं ऐकून घ्यावं लागलं. ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि प्रॅक्टिकलची तर शेवटी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. बुडालेली ड्युटी नंतर काढूनच द्यावी लागते. हे मालकांना सांगून सांगून मी थकले होते.

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या तुमच्या दुकानात आले तेव्हा पगाराचं बोलायच्या आधी तुम्ही विचारलं, "तुझं रोटेशन कुठंय?" कुठल्या आठवड्यात कुठल्या वॉर्डात ड्युटी, तो तक्ता मी वहीतून काढून दिला. तुम्ही झेरॉक्स आणायला लावली आणि इन्सुलिनच्या फ्रिजशेजारी, कॅलेंडरच्या बाजूला चिकटवली. मेडिसिन, सर्जरी, ऑपरेशन थिएटर, लेबर रूम. ज्या आठवड्यात परीक्षा, त्याला लाल पेनाने गोल. माझ्या कॉलेजचा कागद कुणीतरी भिंतीवर लावला, हे मी हॉस्टेलवर तीन मैत्रिणींना सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षातली ती संध्याकाळ आठवली की अजून पोटात गोळा येतो. रात्रपाळी करून, दुपारचं लेक्चर करून तशीच दुकानात आले होते. एका आजोबांच्या चिठ्ठीवर अम्लोडिपिन, बीपीची गोळी, अडीच मिलिग्रॅमची होती, मी पाचची पट्टी काढून काउंटरवर ठेवली. दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात, पण ते काही कारण नव्हे. प्रत्येक पट्टी तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही म्हणून ती थांबली. तुम्ही गुपचूप बदलून दिली. आजोबा गेल्यावर आता ओरडणार म्हणून मी मान खाली घातली, तर तुम्ही स्टूल पुढं सरकवलं. "किती झोपलीस?" मी म्हटलं, दोन तास. तुम्ही उठून रात्रपाळीच्या सगळ्या आठवड्यांवर लाल रेघ मारली. "ह्या दिवसांत इकडं पाय ठेवायचा नाही. तास रविवारी स्टॉक मोजून भर." पगारातला एक रुपया कापला नाही.

त्या दिवसापासून तुम्ही मला लेबल तीनदा वाचायला लावलं: उचलताना, देताना, परत ठेवताना. वॉर्डात आमच्या सिस्टर हेच शिकवत होत्या, पण माझ्या हाताला ती सवय तुमच्या काउंटरवर लागली. सलाईनच्या थेंबांचं गणितही तिथलंच. "काय वाचायलीस?" म्हणालात, आणि बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलंत: ५०० मिली, चार तासांत द्यायचं, एका मिलीला २० थेंब पडणारा सेट. दहा हजार भागिले २४०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मग घड्याळ समोर धरून बोटाने टेबलावर तो वेग वाजवून दाखवलात. टक टक टक. अजूनही मी थेंब मोजताना मनात तेच ऐकते.

लेबर रूमच्या पोस्टिंगला तर महिनाभर मी तुमच्या कामाचीच नव्हते. बाळंतपण काही घड्याळ बघून होत नाही, केस आली की थांबायचं. कम्युनिटीला गावोगाव फिरायचं होतं तेव्हाही तसंच. माझ्या जागी दुसरी पोरगी ठेवा असं मीच म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा किल्लारीच्या भूकंपाचं बोललात. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र सरलेली, आणि घर खाली बसलं. तुमच्या आईला ढिगाऱ्यातून काढल्यावर एका सिस्टरनं बाभळीच्या फांदीला सलाईन बांधलं आणि दिवसभर तिथून हलली नाही. तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं, म्हणालात. मग लगेच एक्स्पायरीचा खोका माझ्याकडं सरकवला.

काका, तिचं नाव मला कळणार नाही. माझं तुम्हाला माहीत आहे.

परवा दुकानावरून गेले. तुम्ही नव्हता. कॅलेंडरच्या बाजूला नवं रोटेशन लावलेलं दिसलं, फर्स्ट इयरचं. तिला सांगा, माझी ड्रग बुक आणि प्रोसिजरची वही कव्हर घालून ठेवलीय, विकत घ्यायची नाही. या रविवारी माझी सुट्टी आहे. स्टॉक मोजायला येते.

तुमची,
काउंटरवरची पोरगी