आई, आधी पाणी पी मग वाच

ती. आई-बाबा,

सा. न. (शाळेतल्या पत्रलेखनातलं एवढंच आठवतंय, पुढचं आपलं आपलं.)

फोनवर सांगता आलं असतं पण फोनवर आई मधेच "थांब थांब, काय म्हणालीस" करते, मग मी अर्धवट सांगते आणि उरलेलं तुम्हाला दादाकडून कळतं, त्यापेक्षा हे टाइप करून त्याला पाठवतेय, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. तर, गेले चार महिने आपल्या वाडीतले नारळ मी काढतेय. म्हणजे गड्याकडून काढून घेत नाहीये, स्वतः चढतेय. आई, कागद खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

जॉब गेला ते तुम्हाला माहितीये. महिनाभर दिवेआगरला राहायचं, ऑनलाइन इंटरव्ह्यू द्यायचे आणि परत पुणं असं ठरवून आले होते. इंटरव्ह्यू झाले पण पुढे काही फोन आला नाही. रात्री तीनला जाग यायची आणि डोक्यात फक्त ईएमआयचे आकडे. त्यात आपला नेहमीचा गडी कमरेने बसला, त्याचा मुलगा माणगावला कामाला लागलाय, दुसरा एकजण येतो येतो करत सव्वा महिना आलाच नाही. नारळ आपापले पडायला लागले, एक पडवीच्या कौलांवर, एक माझ्या स्कूटीच्या सीटवर. त्या सीटकडे बघून मी जाम रडले, खरं तर सीटचं काही एवढं नव्हतं.

आणि बाबा, मला तेव्हा 2020 चा तीन जून आठवला. निसर्ग वादळ ओसरल्यावर सगळी सुपारी आडवी पडलेली, आम्ही सगळे गप्प, आणि तुम्ही छत्रीच्या काठीने उभे राहिलेले माड मोजत फिरत होता. तेव्हा मला तुमचा राग आला होता, घरावर कौलं नाहीत आणि हे काय मोजतायत! आता कळतंय थोडं.

नारळ विकास मंडळाचं सहा दिवसांचं ट्रेनिंग असतं, केरळात 2011 ला सुरू झालेलं, त्यात चढायचं यंत्र शिकवतात. हे यंत्र कण्णूरकडच्या चेंबेरीच्या जोसेफ नावाच्या शेतकऱ्याने काढलेलं आहे. दोन लोखंडी पायऱ्या, दोघींना खोडाभोवती जाड तारेचा फास. एका पायावर वजन दिलं की तो फास आवळतो, तेवढ्यात दुसरी पायरी वर सरकवायची. कमरेला बेल्ट वेगळा असतो. ऐकायला सोपं आहे.

पहिल्या दिवशी मी दहा फुटांवर अडकले. वर जाववेना, खाली येववेना, मांड्या शिवणाच्या मशीनसारख्या थडथडत होत्या. खालून कोणीतरी "घाबरू नका" ओरडलं. याच्याइतका बिनकामाचा सल्ला दुसरा नसेल, भीती काय नळ आहे बंद करायला? शिकवणारे सर तसलं काही बोलले नाहीत, म्हणाले वर नको, खाली नको, नाकासमोरचे खोडावरचे वण बघा आणि मोजा. मी मोजत बसले. चौदा-पंधरापर्यंत गेल्यावर श्वास जागेवर आला. भीती होतीच, फक्त तिला काम मिळालं.

मग त्यांनीच सांगितलं की माडाला साधारण महिन्याला एक झावळी येते, ती गळली की तिचा वण राहतो, म्हणजे बारा वणांचं एक वर्ष. विहिरीजवळचा माझ्या जन्माच्या वर्षी लावलेला माड आठवतोय ना, त्याच्यावर मी आता अशीच चढते. सुरुवातीची काही वर्षं माडाला खोडच नसतं, त्यामुळे बालवाडीपासून धरते. बारा मोजले, पहिली. बारा मोजले, दुसरी. दहावीच्या आसपास वारा लागायला लागतो. निसर्गचं वर्ष कुठलं ते ओळखायचा खूप प्रयत्न केला पण मला तरी ते वण बाकीच्यांसारखेच दिसले. आणि जॉब गेला त्या महिन्याचा वण अजून झालेलाच नाहीये, ती झावळी वर हिरवीच आहे.

ईएमआयचंही तसंच केलं, सगळं एकदम बघायचं नाही, पुढचे तीन हप्तेच वहीत मांडायचे. झोप लागते आता.

एक खरं सांगून टाकते. एके दिवशी अजिबात भीती वाटली नाही, गाणं गुणगुणत चढले आणि फास नीट बसलाय का बघायलाच विसरले, पाय सटकला. तीन फुटांवर होते आई, तीन. तेव्हापासून पोटात जरासं गोळा आल्याशिवाय मी पायरीवर पाय ठेवत नाही. पावसात तर नाहीच, खोड शेवाळलेलं असतं.

आता शेजारच्या वाड्यांतूनही बोलावतात. झाडामागे किती घेते ते लिहीत नाही, बाबा म्हणतील गावातल्यांकडून कसले पैसे घेतेस. पण मी नुसते नारळ पाडत नाही, वरचा शेंडाही साफ करते. कात्रीने त्रिकोण कापल्यासारख्या झावळ्या दिसल्या की आत गेंड्या भुंगा बसलेला असतो, तारेच्या आकड्याने ओढून काढायचा. हे खालून कोणाला दिसतच नाही, त्यामुळे लोक आता त्यासाठीच बोलावतात. आणि बाबा, वाईट बातमी, त्या भुंग्याची पैदास तुमच्या शेणखताच्या खड्ड्यात होती! बोटाएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या. खड्डा उपसून सगळं खत पसरलं, कोंबड्यांची तीन दिवस चैन झाली.

बाबांचा गुडघा कसाय? फिजिओवाल्याला सांगा की वाडीत चालायचंय, डोंबिवलीतल्या हॉलमध्ये नाही. आई, फणसाच्या भाजीत तू शेवटी नक्की काय घालतेस, माझी नेहमी पचपचीत होते.

समुद्राच्या बाजूचा आजोबांच्या वेळचा तो उंच वाकडा माड अजून तसाच ठेवलाय. त्याचे नारळ कोणीच काढलेले नाहीत, मीही नाही. तुम्ही आलात की बघू. बाबा, तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा, जरा लांबच. आई, तू आत बसलीस तरी चालेल.

तुमची,
ठमी