सरपंचपदाइतकेच सदस्यपदही महत्त्वाचे

संपादक महोदय,

ग्रामपंचायत निवडणुकीची चाहूल लागली की गावोगावी चर्चा सुरू होते ती सरपंच कोण होणार याची. प्रभागातून सदस्य म्हणून कोण उभे राहणार, याची फिकीर पॅनेलप्रमुखांखेरीज फारशी कोणाला नसते. २०२२ पासून सरपंचाची निवड पुन्हा थेट जनतेतून होऊ लागल्यावर तर सदस्यपदाकडे आणखीच दुर्लक्ष झाले असून, पॅनेल पुरे करण्यासाठी जो ‘हो’ म्हणेल त्याचे नाव यादीत घातले जाते. गावाविषयी खरी कळकळ असणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी, बचत गटांतील महिलांनी आणि तरुणांनी या वेळी सदस्यपदासाठी अर्ज भरावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सरपंच थेट निवडून आला, तरी ग्रामपंचायतीचा कारभार त्याच्या एकट्याच्या मर्जीवर चालावा असे कायद्याला अपेक्षित नाही. कामांना आणि खर्चाला मंजुरी मासिक सभेत मिळते आणि तेथे प्रत्येक सदस्याला मत असते. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागल्यापासून या सभेचे महत्त्व कितीतरी वाढले आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी ही सभा भरतच नाही. आमच्या गावात ठरावांचे प्रोसिडिंग बुक शिपायाकरवी घरोघर फिरवले जाई आणि कोणी गोठ्यात, कोणी ओट्यावर बसून, वरचा मजकूर न वाचताच सही करी. असा एकेक ठराव म्हणजे गटाराचे, पाण्याच्या टाकीचे किंवा पथदिव्यांचे एकेक बिल असते. ‘आधी सभा घ्या, दरपत्रके दाखवा, मग सही करतो’ असे म्हणणारे दोन सदस्य जरी निवडून आले, तरी कारभाराला किती फरक पडतो, हे आम्ही पुढच्या पंचवार्षिकात अनुभवले आहे.

‘गावात भांडणे नकोत, निवडणूक बिनविरोध करू’ हा आग्रहही तपासून पाहायला हवा. सर्वांनी एकत्र बसून, उघड चर्चा करून नावे ठरवली असतील तर त्याचे स्वागतच आहे. परंतु आमच्याच जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे निष्पन्न झाल्याने, राज्य निवडणूक आयोगाला जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणूक प्रक्रियाच रद्द करावी लागली होती. बोली लागते तेव्हा मतदाराचा हक्क विकला जातो, मग तो पैसा देवळाच्या जीर्णोद्धाराला जावो की शाळेच्या खोलीला.

महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. त्या जागांवर निवडून आलेल्या भगिनींच्या खुर्चीत त्यांचे पती किंवा दीर बसलेले दिसतात, तेव्हा मला फार वाईट वाटते. बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवणाऱ्या महिलेला ग्रामपंचायतीचा जमाखर्च समजणार नाही, असे म्हणण्यात काय तथ्य आहे? नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती सभा खरोखर भरवण्याचा आग्रह धरला, तर पुढच्या उमेदवार तेथूनच तयार होतील.

ज्यांच्या मनात उभे राहण्याचा विचार आहे, त्यांनी निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून टाकावी, ग्रामसभांना हजर राहून गावचा विकास आराखडा वाचावा आणि राखीव जागेवरून लढायचे असल्यास जात पडताळणीची कागदपत्रे आताच जमवावीत. निकालानंतर निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत सादर करण्यासही विसरू नये; केवळ एवढ्या हलगर्जीपणापायी चांगले सदस्य अपात्र ठरू शकतात.

– एक ग्रामस्थ, ता. निफाड, जि. नाशिक