वहिनींच्या पणजीचं लग्न

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. वहिनींच्या माहेरी पणजीच्या लग्नाविषयी कुणी ब्र काढत नाही, असं लिहिलंस. आयर्लंडमधल्या मेयो परगण्याच्या खेड्यांत यात नवल नाही. पण घरच्यांनी दडवलेलं कारकुनाने बहुधा नोंदलेलं असतं.

आधी टाउनलँडचं नाव मिळव, नुसत्या गावाने भागणार नाही. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखी जागा, आयर्लंडच्या बेटावर साठ हजारांवर. 2015 मध्ये एअरकोड (तिथले पिनकोड) आले, त्यामुळे हल्लीच्या पत्त्यात हे नाव असेलच असं नाही. नव्या बंगल्यात राहायला आलेल्यांना ती ठाऊकही नसतात, म्हणून जुना शेजारीच गाठ.

मग 1911 ची जनगणना उघड. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ती फुकट आहे. 1901 च्या आधीचं फारसं काही उरलेलं नाही: बरंचसं 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात लागलेल्या आगीत गेलं, बाकीचं सरकारनेच आधी नष्ट केलं होतं. 1911 मध्ये विवाहितेपुढे तीन आकडे दिसतील: लग्नाला वर्षं किती, मुलं किती झाली, हयात किती. लग्नाला 2 वर्षं आणि थोरला 5 चा असेल, तर नवरा आधी विधुर होता का ते तपास. नसेल, तर थोरल्याच्या जन्माची नोंद पणजीच्या माहेरच्या आडनावाखाली शोध. तिथे बापाचा रकाना कोरा असू शकतो. मेख अशी, की मुलांचे आकडे चालू लग्नापुरतेच विचारले होते. त्यामुळे आधीचं मूल आजोळी वाढत असेल, तर या पानावर त्याचा मागमूस नसतो. म्हणून आजोळचं पानही काढ. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या पदरी दोन वर्षांचं लेकरू दिसलं, तर ते बहुधा तिच्या मुलीचं.

वयावर मात्र विसंबू नकोस. 1909 पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली आणि 1901 मध्ये 57 चे असलेले कित्येक जण 1911 मध्ये 71 चे झाले!

लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात, आयांची नावं नसतात. वयापुढे नुसतं ‘फुल’ असेल, तर 21 पूर्ण एवढंच समज. नोंद आधी नवरीच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत, शोध. खेड्यातली लग्नं बहुतेक लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या, उपासांआधी उरकत. ऑगस्टमध्ये, तेही लिव्हरपूलला लागलेलं सापडलं, तर घाई कसली होती ते बघायला हवं. लग्न 1908 नंतरचं असेल, तर पणजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात, लग्नाची तारीख आणि चर्च लिहिलेलं असायला हवं. हा कॅथलिक चर्चचाच नियम होता. राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेली पॅरिशची पुस्तकं साधारण 1880 पर्यंतच आहेत, तेव्हा पुढच्यासाठी पाद्रीबाबांनाच पत्र लिही. नाव, टाउनलँड, अंदाजे साल एवढंच कळव, आणि सोबत थोडी देणगी पाठव.

उतारा आला की आधी सासूबाईंना एकट्यांनाच दाखव. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस. त्या थोरल्याची नातवंडं त्याच गावात असतील.

तुझा,
बाळ्या