टॉवरच्या लहरी आणि बोळातला धूर

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

कालच्या अंकातील मोबाइल टॉवर आणि आरोग्य या विषयावरचा, टॉवरच्या लहरींनी कर्करोग होतो असे सांगणारा लेख वाचला. तो ग्वाल्हेरच्या आमच्या जिवाजीगंजात इतका परिणामकारक ठरला की संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन घरांतील वाय-फाय बंद झाले आणि माझ्या जाऊबाईंनी मायक्रोवेव्हवर जुने नऊवारी घडी करून पांघरले. लेखकाचे त्याबद्दल अभिनंदन करावे की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

अठ्ठावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे एक खोड जात नाही, ती आधी सांगून टाकते. लेखात आरंभापासून अखेरपर्यंत 'किरणोत्सर्ग' हा शब्द आहे. किरणोत्सर्ग युरेनियम, रेडियम असे पदार्थ करतात. टॉवरमधून किंवा मोबाइलमधून बाहेर पडते ते विद्युतचुंबकीय प्रारण, म्हणजे रेडिओ लहरी. क्ष-किरणांमध्ये अणूतील इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी ऊर्जा असते, रेडिओ लहरींमध्ये ती नसते; त्यांची तीव्रता पुरेशी वाढली तर त्या शरीरातील ऊतींना ऊब देतात, एवढा त्यांचा परिणाम पक्का ठाऊक आहे. आता इथल्याच, ग्वाल्हेरच्या दाल बाजाराविषयी. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील एक टॉवर सात दिवसांत बंद करण्याचा आदेश दिला, हे लेखकाने ठळक अक्षरांत दिले आहे आणि ते खरेही आहे. टॉवरमुळे कर्करोग झाला अशी तक्रार घेऊन न्यायालयात गेलेल्या त्या आजारी गृहस्थांची व्यथा मी हलकी मानत नाही. परंतु टॉवर बंद करण्याचा आदेश मिळाला म्हणजे टॉवरने कर्करोग होतो हे विज्ञानाने सिद्ध झाले, ही उडी लेखकाची स्वतःची आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना '२ब' म्हणजे 'कदाचित कर्ककारक' या गटात घातले, हेही लेखकाने सांगितले. त्याच गटात पूर्वेकडच्या देशांतील पारंपरिक खारवलेल्या भाज्या बसल्या आहेत, हे सांगायचे राहिले. आणि याच संस्थेने पुढच्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, डिझेलच्या धुराला पहिल्या, म्हणजे 'निश्चित कर्ककारक' गटात, तंबाखूच्या धुराच्या पंक्तीला बसवले, हे तर लेखात कुठेच नाही. माझे सारे दुःख या वगळलेल्या ओळीत आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या शेजारच्या गच्चीवर गेली नऊ वर्षे टॉवर उभा आहे. घरमालक भाडे घेतात आणि राहायला दुसऱ्या वस्तीत गेले आहेत. टॉवरचा डिझेलवर चालणारा जनरेटर मात्र दोन घरांमधल्या बोळात ठेवलेला आहे. वीज गेली की तो धडधडू लागतो, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात वीज किती वेळा जाते हे आपल्याला मी काय सांगावे. जनरेटरच्या धुराचा नळ जवळच्या इमारतीच्या उंचीहून वर नेला पाहिजे, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. आमच्या बोळातला नळ जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर, माझ्या ओट्यामागच्या खिडकीखाली संपतो. यजमानांना दमा आहे. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडया मी संध्याकाळी उचलल्या, तेव्हा त्यांच्यावर इतकी काजळी बसलेली होती की सगळे वाळवण टाकून द्यावे लागले. तीन दिवस गहू भिजवून, पहाटे उठून चीक शिजवून केलेल्या कुरडया होत्या त्या.

गल्लीत टॉवरविरुद्ध अर्ज लिहिला जात होता, तेव्हा त्यात जनरेटरबद्दल एक ओळ घालावी अशी मी विनंती केली. त्यावर आमच्या गणेशोत्सव मंडळाचे तरुण कार्यवाह मला म्हणाले, "काकू, धूर काय, सगळीकडेच असतो. उगाच विषय भरकटेल." विषय भरकटला नाही. वर्गणी निघाली, 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर चार हजार रुपये भरून लहरींची मोजणी मागवण्यात आली आणि एक दिवस एक गृहस्थ हातात यंत्र घेऊन आले. त्यांनी ते गच्चीवर, अंगणात आणि माझ्या स्वयंपाकघरातही फिरवले. नेमकी तेव्हाच वीज गेलेली होती. खिडकीबाहेर जनरेटर गरजत होता, म्हणून त्यांना अक्षरशः ओरडून सांगावे लागले, "सब नॉर्मल है, माताजी!" आणि मग ते खोकले.

मी स्वतंत्रपणे केलेल्या धुराच्या तक्रारीला पुढे दोन पानी उत्तर आले. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे आणि आमच्या घरातील नोंद तिच्याही खूप खाली आहे, असे त्यात सविस्तर लिहिलेले होते. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. फक्त जनरेटर हा शब्द त्या दोन पानांत एकदाही नव्हता. न दिसणाऱ्या लहरींसाठी अर्ज, वर्गणी, यंत्र आणि आता आपले अर्धे पान. दिसणाऱ्या, वास येणाऱ्या, डोळे चुरचुरवणाऱ्या धुरासाठी मात्र कोणालाच सवड नाही, कारण तो परिचयाचा आहे.

लेखाचा दुसरा भाग पुढील रविवारी येणार असल्याचे खाली छापले आहे. तत्पूर्वी लेखक महाशयांनी एखाद्या संध्याकाळी वीज गेलेली असताना आमच्याकडे चहाला यावे. यंत्र आणण्याची गरज नाही. पांढरा रुमाल आणावा आणि चहा होईपर्यंत खिडकीत वाळत घालावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
जिवाजीगंज, लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. : त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर मोबाइलमागे चिकटवण्याच्या 'प्रारणरोधक' चकतीची जाहिरात आहे. चकतीने खरोखर लहरी अडवल्या, तर टॉवरशी संपर्क टिकवण्यासाठी मोबाइल अधिक जोराने लहरी सोडील. अडवल्या नाहीत, तर पैसे गेले. जाऊबाईंनी दोन मागवल्या आहेत. जाहिरातीचे पैसे आपल्याला मिळाले असतील, निदान त्यांना त्या परत करायला सांगणारे चार शब्द तरी छापावेत, कारण घरात माझे कोणी ऐकत नाही.