वलयातला एक अणू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रिस्डिप्लाम या औषधाच्या पेटंटवरून मूळ स्विस कंपनी रोश आणि त्याची स्वस्त प्रत बनवणारी भारतीय कंपनी नॅटको यांच्यात झालेला वाद आपल्याकडच्या बातम्यांत ‘सहा लाखांची बाटली आता १५,९०० रुपयांत’ एवढ्यावर आटोपला. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार झालेल्या मुलांच्या आईवडिलांना तेवढंच पुरे, हे कबूल. पण दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये नॅटकोला ते औषध विकायला मनाई करण्यास नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने रोशचं अपील फेटाळलं, ते मुख्यतः किमतीपायी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच महिन्यात त्यात हात घातला नाही. मुद्दा होता रसायनाचा.

रोशच्याच आधीच्या पेटंटातल्या एका संयुगात आणि रिस्डिप्लाममध्ये फरक वलयातल्या एका जागेचा: तिथे सीएच (कार्बन आणि त्याला जोडलेला हायड्रोजन) होता, इथे नायट्रोजन. मी बरीच वर्षं बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. फळ्यावर बेंझिनचा षटकोन काढायचा, एका कोपऱ्यातला सीएच बोटाने पुसायचा, तिथे एन लिहायचा, झालं पिरिडीन. अणूला एक हायड्रोजन जोडला की तो आवर्तसारणीतल्या पुढच्या घरातल्या अणूसारखा वागू लागतो, म्हणजे सीएच नायट्रोजनसारखा, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रिमने १९२५ मध्येच मांडलं होतं. असा बदल जाणकाराला सहज सुचण्याजोगा असेल, तर त्यावर पेटंट टिकत नाही. निदान मनाई मागण्याइतकं तरी ते भक्कम राहत नाही. (पेटंट या निकालाने रद्द झालेलं नाही, तो फक्त अंतरिम, म्हणजे खटला संपेपर्यंतच्या, मनाईपुरता आहे.)

दुसरी बाजू मला अगदीच फुसकी वाटत नाही. उत्तर आधी पाहिलं की कुठलंही गणित सोपं वाटतं, हे शिक्षकाला कुणी सांगायला नको. नायट्रोजन बसवायच्या जागा अनेक. नेमकी हीच कामाला येईल, हे प्रयोगाआधी कोण छातीठोकपणे सांगणार? तरीही पहिल्या पेटंटात संयुगांचं अख्खं कुटुंब कवेत घ्यायचं आणि मग त्याच घरातल्या एकासाठी नव्याने २० वर्षं मागायची, हा एकाच म्हशीचा दोनदा सौदा झाला. न्यायालयाने तो हाणून पाडला, हे बरं झालं.

पुढच्या वेळी असा निकाल आला की किमतींच्या चौकटीशेजारी त्या दोन रेणूंची चित्रंही छापा. बारावीची मुलं फरक अर्ध्या मिनिटात शोधतील.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सांगली