मूळ गोष्ट म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला म्हातारी आणि भोपळ्यावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपलाच चष्मा दगा देतोय. लेख तसा बरा आहे, लेखिकाबाईंनी कष्ट घेतलेत हे दिसतं, पण त्यात 'मूळ गोष्ट' हे शब्द सात वेळा आलेत (पेन्सिलीने खुणा केल्यात, हवी तर पुरवणी पाठवून देते) आणि सातही वेळा मला नातवाची ती स्पर्धा आठवली, म्हणून हा पत्रप्रपंच.

स्पर्धा म्हणजे शाळेतली कथाकथनाची, गेल्या डिसेंबरातली. नातू तिसरीत. त्याने आमच्या घरची गोष्ट सांगितली, म्हणजे माझ्या आजीने मला सांगितलेली. जाताना सगळं तुमच्यासारखंच, वाटेत कोल्हा, पुढे वाघ, आणि 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा'. फरक आहे तो परतीच्या वाटेवर. आमच्यात लेक परड्यातला थोरला भोपळा काढते, वरून टोपीसारखा काप काढते, आतला गर खरवडते आणि एवढा गर टाकायचा कशाला म्हणून गूळ घालून त्याचे घारगे करते. म्हातारी भोपळ्यात बसते ती मांडीवर घारग्यांचं फडकं आणि कनवटीला तिखटाची पुडी घेऊन. वाघ विचारतो, म्हातारीला पाहिलंस का, तर आतून घास तोंडात असल्यासारखा आवाज येतो, 'म्हातारीबितारी मला काय ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'. आजी हे म्हणताना एक गाल फुगवून म्हणायची, मीही तसंच म्हणते, नातवानेही तसंच म्हटलं आणि पोरं खदाखदा हसली. पुढे कोल्ह्याला घारग्यांचा वास येतो, तो भोपळा फोडतो, आणि म्हातारी तिखटाची पुडी त्याच्या डोळ्यात झोकून घर गाठते. संपली गोष्ट.

परीक्षकबाई काय म्हणाल्या माहितीये? 'छान सांगितलंस बाळा, पण मूळ गोष्टीत घारगे नाहीत, आणि भोपळा फुटतही नाही, पुढच्या वेळी नीट पाठ करून ये.' आणि पहिलं बक्षीस कोणाला, तर मोबाईलवरचा व्हिडिओ शब्दन्‌शब्द म्हणून दाखवणाऱ्या मुलाला. त्या पोराचा दोष काही नाही, गोड मुलगा आहे, पण शेवटी 'सबस्क्राइब करा' एवढंच म्हणायचं राहिलं होतं. घरी येऊन नातवाने मला विचारलं, आजी तू मला चुकीची गोष्ट शिकवलीस का. तेव्हापासून रात्री कुठलीही गोष्ट सुरू केली की आधी विचारतो, 'ही बरोबरवाली आहे ना?' आता सांगा काय सांगायचं त्याला.

बरं, तुमच्या लेखिकाबाईंचं म्हणणं असं की मूळ गोष्टीत भोपळा सुखरूप घरी पोचतो, फोडाफोडी नंतर कोणीतरी घुसडली. कोणी घुसडली? मी एकतीस वर्षं लायब्ररीत काढलीत, पुस्तकं नुसती झटकली नाहीत, अधूनमधून उघडूनही बघितलीत. सत्यजित रायांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१० साली बंगालीत 'टुनटुनीर बोई' नावाचं गोष्टींचं पुस्तक काढलं, त्यात हीच म्हातारी आहे, कुबड असलेली, काठी टेकत चाललेली. ती लेकीकडे नाही, नातीकडे जाते. परत येताना बसते 'लाऊ'मध्ये, म्हणजे आपला दुध्या भोपळा, आत पोहे आणि चिंच खात खात गडगडत येते. आणि शेवटी कोल्हा तो फोडतो! मग म्हातारीचे कुत्रे धावून येतात आणि कोल्ह्याचा निकाल लावतात. म्हणजे आत बसून खाणं आणि शेवटी फोडणं, दोन्ही तिकडे आहे, फक्त घारग्यांच्या जागी पोहे-चिंच आणि तिखटाच्या जागी कुत्रे. आमच्या परीक्षकबाईंनी उपेंद्रकिशोरांनाही पाठ करून यायला सांगितलं असतं. इराणातही हीच बाई आहे, लेकीकडे निघालेली, वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह, आणि परतताना भोपळा. आता यातली मूळ कुठली, ते लेखिकाबाईंनीच सांगावं, मी पेन्सिल घेऊन बसले आहे.

आणि भोपळ्याचंच म्हणाल तर लाल भोपळा आपला नव्हेच. बटाटा-मिरचीसारखा तोही अमेरिका खंडातला, युरोपातली जहाजं तिकडे पोचल्यानंतर इकडे आलेला. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी कोणी आपल्याकडे ही गोष्ट सांगत असेल तर म्हातारी बहुतेक दुध्यातच बसली असणार. यात माझे घारगे वाहून गेले, तिखटाची पुडीही गेली, ते मला कळतं. चालेल. पण मग लेखातला लाल भोपळाही गेला ना!

लाल टोपीवालीशी (म्हणजे 'लिटल रेड रायडिंग हूड', आजीकडे निघालेली मुलगी आणि वाटेतला लांडगा) तुलना केलीय तिथे तर मला राहवलंच नाही. म्हणे 'ग्रिम बंधूंच्या मूळ गोष्टीत' शिकारी येऊन मुलीला सोडवतो आणि आपली म्हातारी मात्र स्वतःच्या डोक्याने सुटते, म्हणून आपली गोष्ट पुढारलेली. आपली गोष्ट चांगलीच आहे हो, पण त्यासाठी दुसऱ्याच्या गोष्टीला अर्धवट कशाला सांगायचं? जर्मनीतल्या ग्रिम बंधूंचं लोककथांचं पुस्तक १८१२ चं. त्याच्या ११५ वर्षं आधी, १६९७ मध्ये, फ्रान्सात शार्ल पेरोने ही गोष्ट छापली, त्यात शिकारीबिकारी कोणी नाही, लांडगा मुलीला खातो, खाली उपदेशाचं पद्य, विषय संपला. ग्रिमांना ती कासेलच्या हासेनफ्लुग घराण्यातल्या मुलींनी सांगितली, त्यांच्या घरात फ्रेंच वळण होतं, आणि त्यांच्या छापील गोष्टीत शिकारी कात्रीने लांडग्याचं पोट कापतो आणि आत दगड भरतात. लेखिकाबाई इथे थांबल्या. पान उलटलं असतं तर दिसलं असतं की ग्रिमांकडे पुढे एक शेपूट आहे, दुसरा लांडगा येतो, छपरावर चढून बसतो, तेव्हा आजी आणि नात दारापुढच्या दगडी कुंडात सॉसेज उकडलेलं पाणी ओततात, वासाने लांडगा मान लांब करता करता घसरतो आणि बुडून मरतो. शिकारी नाही, कोणी पुरुष नाही, आजी आणि स्वयंपाकघरातलं पाणी. वासावर फसलेला तो लांडगा वाचून मला आमचा घारग्यांवर टपलेला कोल्हाच आठवला.

आणि फ्रान्सच्या निएव्र भागातल्या लोकांच्या तोंडची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उतरवून घेतलेली गोष्ट आहे, त्यात ती मुलगी अंथरुणातून म्हणते मला बाहेर जायचंय, लागलीय. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो, ती दोरी अंगणातल्या प्लमच्या झाडाला बांधते आणि घरी पळते. यात आणि 'जाडजूड होईन मग मला खा' यात फार काय फरक आहे? (त्या गोष्टीत त्याआधी जे खाणंपिणं आहे ते मी नातवाला सांगत नाही, तुम्हीही छापू नका, लोक सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात.)

जाता जाता, लेखाबरोबरचं चित्र. म्हातारी नऊवारीत, आणि भोपळा मात्र केशरी, गुळगुळीत, हॅलोवीनचा, डोळे कोरायचेच काय ते राहिलेत. आमच्या मंडईत एक चक्कर मारली असतीत तर खरा भोपळा दिसला असता, हिरवट-करडा, खरबरीत, फाका पडलेला. चित्रकाराला तेवढं रिक्षाभाडं द्या.

गेल्या वेळी माझं पाणीपट्टीवरचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत आणि उरलेल्यातून मी महापालिकेचं कौतुक करतेय असा अर्थ निघाला, शेजारच्या वहिनी अजून चिडवतात. याही वेळी जागा कमी पडली तर पेरो कापा, ग्रिम कापा, काय हवं ते कापा, पण घारग्यांचा परिच्छेद आहे तसा ठेवा. नातवाला दाखवायचाय. नाव छापू नये, तो अजून त्याच शाळेत आहे.

आपली (आजपर्यंत तरी) नियमित वाचक,
एक आजी, सांगली